'ऑरेंज'मधला 'न' कुठे गळला? एका वाचनालयातल्या फलकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भाच्या संत्रापट्ट्यात तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. आंबिया बहाराची फळे बाजारात येऊ लागली की तिथे दरवर्षी छोटेसे प्रदर्शन भरते. एका वर्षी विषय होता संत्रे आणि त्याचे भाऊबंद. फळाची वनस्पतीशास्त्रीय माहिती, बागेतली वर्षभराची कामे, स्वयंपाकघरातले पदार्थ आणि शेवटी 'ऑरेंज' या इंग्रजी शब्दाची जन्मकथा असे चार मोठे फलक करायचे ठरले. चौथ्या फलकाचा मजकूर छापण्याआधी तपासून द्यावा म्हणून तो माझ्याकडे आला. व्यक्ती आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून इथे कुणाचेही नाव दिलेले नाही.

हा शब्द निवडण्यामागे कारण होते. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तो येतो. तो मुळात आपल्याकडून तिकडे गेला, हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकतात. अशा शब्दातून भाषांचा इतिहास शिकवता येतो आणि मला ते काम मोलाचे वाटते. म्हणूनच मुलांसमोर जाणारा मजकूर खरा असावा, याबद्दल मी आग्रही होतो.

अडचण काय होती

आलेल्या मजकुरात तीन विधाने होती. पहिले, ऑरेंज हा शब्द संस्कृत 'नारङ्ग'वरून आला. दुसरे, इंग्रज लोक आधी 'अ नॉरेंज' म्हणत, ऐकणाऱ्यांनी ते 'ॲन ऑरेंज' असे तोडले आणि 'न' गळून पडला. तिसरे, मूळ शब्द 'नागरङ्ग' (नाग म्हणजे हत्तीसुद्धा), कारण एका हत्तीने ही फळे इतकी खाल्ली की तो मेला. सोबत जगाचा नकाशा होता आणि भारतातून निघालेला एकच जाड बाण थेट इंग्लंडवर टेकवलेला होता. कोपऱ्यात पिकलेल्या नागपुरी संत्र्याचा सुंदर फोटो.

तिन्ही गोष्टी सगळीकडे फिरत असतात. पहिलीत बरेच तथ्य आहे, दुसरीत एक खरी गोष्ट चुकीच्या जागी बसवली आहे आणि तिसरी ही निव्वळ गोष्ट आहे. फोटोतही घोटाळा आहे हे मागाहून कळले आणि ते माझ्या नव्हे, एका बागायतदार काकूंच्या लक्षात आले.

'न'ची कथा सगळ्यांत जास्त आवडती होती. कारण तशी उदाहरणे इंग्रजीत खरोखर आहेत. स्वयंपाक करताना बांधायचे 'एप्रन' हे मुळात फ्रेंचकडून आलेले 'नॅप्रन'. 'अ नॅप्रन'चे 'ॲन एप्रन' झाले, पण त्याच घराण्यातल्या 'नॅपकिन'ने आपला 'न' टिकवला. 'ॲडर' म्हणजे विषारी साप. जुन्या इंग्रजीत तो 'न'ने सुरू होत असे आणि जर्मनमध्ये आजही तो 'नाटर' आहे. क्रिकेटचा 'अंपायर'सुद्धा 'नोंपेर' होता, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच जोडीचा नसलेला तिऱ्हाईत. उलटेही घडले: टोपणनावाचा 'निकनेम' हा मुळात 'ईकनेम', त्याला शेजारच्या 'ॲन'मधला 'न' चिकटला.

तर 'ऑरेंज'चेही तसेच झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. फक्त ते इंग्लंडमध्ये झाले नाही.

समोर आलेले पर्याय

वाचनालयात बैठक झाली. कार्यवाहांचे म्हणणे सरळ होते. छपाईवाल्याला मजकूर द्यायचा आहे, तेव्हा प्रत्येक वाक्यामागे 'असे म्हणतात' जोडा आणि मोकळे व्हा. मला हा पर्याय सर्वांत घातक वाटला. 'असे म्हणतात' लिहिले की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते, वाचणारा मात्र ते खरेच धरून चालतो.

दुसरा पर्याय वादाच्या दोन्ही गोष्टी सरळ काढून टाकण्याचा होता. मग फलकावर उरले असते 'नारङ्गपासून ऑरेंज' एवढेच. चूक काही नाही, पण त्यात शिकण्यासारखेही काही नाही. न घडलेली गोष्ट काढायची आणि घडलेली सांगायची नाही, तर मुले घरी जाऊन पुन्हा तीच जुनी कथा वाचणार.

तिसरा पर्याय वेळखाऊ होता. शब्दाचा मुक्काम-दर-मुक्काम प्रवास दाखवायचा, प्रत्येक मुक्कामाला त्या भाषेतले रूप लिहायचे आणि 'न' नेमका कोणत्या मुक्कामावर गळला ते वाचणाऱ्याला स्वतः पाहू द्यायचे. आम्ही हा पर्याय घेतला. एक दिवस उशीर झाला तरी चालेल, असे कार्यवाहांनीच शेवटी सांगितले.

पहिला निर्णय: 'न'ची जागा

रूपे ओळीने लावली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. संस्कृत नारङ्ग, फारसी नारंग. लिखित अरबीत 'ग' नाही, म्हणून तिथे नारंज. अरबांनी हे झाड दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास सिसिली आणि स्पेनमध्ये नेले आणि शब्दही बरोबर गेला. स्पॅनिशमध्ये तो 'नारांखा' आहे, 'न' शाबूत. हंगेरियनमध्ये 'नारांच', व्हेनिसच्या बोलीत 'नारान्झा', तिथेही शाबूत. पोर्तुगीजमध्ये 'लारांजा', म्हणजे 'न'चा 'ल' झाला, पण व्यंजन उरले.

गळती दिसते ती इटली आणि फ्रान्सच्या बाजूला. इटालियनमध्ये 'एक' या अर्थी 'उना' लागतो. 'उना नारान्चा' भराभर म्हटले की 'उन अरान्चा' ऐकू येते, आणि आजचा प्रमाण इटालियन शब्द 'अरान्चा'च आहे. फ्रेंचमध्येही 'एक'साठीच्या शब्दाच्या शेवटी 'न' येतो. म्हणजे तोडणीची करामत तीच, पण इंग्रजांच्या आधी दुसऱ्यांनी केलेली. फ्रेंचमध्ये शब्दाची सुरुवात 'ओ'ने झाली, त्यामागे सोन्यासाठीच्या 'ओर' या शब्दाचा प्रभाव असावा असे अभ्यासक मानतात. सोनेरी फळाला सोन्याचे नाव लागले, हे पटण्यासारखे आहे.

मग इंग्लंडचा पुरावा. १२९० साली एक स्पॅनिश जहाज पोर्ट्समथला लागले. राजा पहिला एडवर्ड याची राणी एलिनॉर ही मूळची कास्तीलची, म्हणजे स्पेनचीच. तिच्यासाठी त्या जहाजावरून खजूर, डाळिंबे अशा मालाबरोबर सात 'पोमा दे ओरेंज' घेतल्याची नोंद आहे. पोमा म्हणजे फळ. माहेरच्या भाषेत जिला 'न'सकट नाव माहीत असणार, त्या राणीच्या हिशेबात इंग्लंडमध्ये ते 'न'शिवाय लिहिले गेले. म्हणजे शब्द इंग्रजीच्या दाराशी आला तेव्हाच 'न' मागे राहिलेला होता. या एका नोंदीने बैठकीतला वाद संपला. मी ती फलकाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात घ्यायला लावली.

एप्रन, ॲडर, अंपायर यांची चौकट मात्र ठेवली. ती उदाहरणे खरी आहेत आणि आवडती कथा कुठून जन्मली असेल तेही त्यांतून कळते.

दुसरा निर्णय: नारङ्गच्या मागे काय?

इथे बैठक तापली. निवृत्त संस्कृत शिक्षक, ज्यांना गाव 'गुरुजी' म्हणते, ते म्हणाले, "संस्कृतपासून सुरुवात करा, पुराव्यानिशी बोलू." समितीवर बँकेतले एक अधिकारी होते, मूळचे तामिळनाडूचे. ते नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे नारत्तै नावाचे आंबट-कडू फळ आहे, त्याचे लोणचे घरोघरी असते. मल्याळीत नारकम आहे. हे शब्द संस्कृतातून घेतलेले वाटत नाहीत."

दोघांच्याही बोलण्यात वजन होते. संस्कृतातला 'नारङ्ग' संस्कृतच्या स्वतःच्या धातूंतून नीट फोडता येत नाही, आणि दक्षिणेत या कुळातल्या फळांना 'नार'ने सुरू होणारी घरगुती नावे आहेत. म्हणून बहुतेक अभ्यासक हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतात आला असावा, असे मानतात. 'असावा' हा शब्द इथे महत्त्वाचा.

यापुढची पायरीही कुणीतरी सुचवली: तमिळमध्ये वास येणे या अर्थाचे क्रियापद आहे, त्यावरून सुवासिक फळ ते नार. अधिकाऱ्यांनीच ती अडवली. त्यांनी कागदावर दोन अक्षरे काढली. तमिळमध्ये दोन वेगळे 'र' आहेत. फळाच्या नावात साधा 'र', वासाच्या क्रियापदात दुसरा, जो देवनागरीत 'ऱ' असा लिहितात. मराठी कानाला दोन्ही सारखे वाटतात, तमिळमध्ये त्यांनी शब्दच बदलतो. स्वतःच्या भाषेच्या बाजूने जाणारा पुरावा इतक्या प्रामाणिकपणे बाजूला ठेवणारा माणूस समितीवर असावा, हे त्या फलकाचे भाग्य होते. तो दुवा आम्ही घेतला नाही.

ठरले ते असे: नारङ्गपासून ऑरेंजपर्यंतचे बाण भरीव रेघेचे, द्राविडी शब्दांपासून नारङ्गपर्यंतचा बाण तुटक रेघेचा. गुरुजींना तुटक बाण मान्य झाला, पण 'बहुधा' हा शब्द सोबत असलाच पाहिजे ही त्यांची अट होती. ती योग्यच होती.

तिसरा निर्णय: हत्ती

हत्ती मेल्याच्या कथेला आधार कुठलाच मिळाला नाही. ती काढायची यावर एकमत होते. पण 'नागरङ्ग' हा शब्द खरा आहे, आणि तो कसा सोडायचा हा प्रश्न गुरुजींनी उभा केला. त्यांनी अमरकोशातला वनौषधिवर्ग उघडला आणि बोट ठेवले: "ऐरावतो नागरङ्गो". या फळझाडाचे एक नाव नागरङ्ग आणि दुसरे ऐरावत, म्हणजे इंद्राच्या हत्तीचेच. नाग या शब्दाचा एक अर्थ हत्ती, दुसरा साप, तिसरा शिसे. त्याच कोशात शेंदराला 'नागसंभव' म्हटले आहे, कारण तो शिशापासून होतो. शेंदराच्या रंगाचे फळ म्हणून नागरङ्ग असे कुणी म्हणेल. तेही अर्थपूर्ण आहे, पण सिद्ध नाही. अनोळखी 'नारङ्ग' ओळखीचा वाटावा म्हणून लोकांनी त्यात 'नाग' बसवला असेल, ही शक्यता मला जास्त जवळची वाटते. फलकाच्या बाजूला छोटी चौकट करून अमरकोशाची दोन नावे फक्त दिली, मृत हत्ती नाही.

चौथा निर्णय: फोटो

मजकूर जवळपास पक्का झाला होता तेव्हा संत्र्याची बाग असलेल्या काकू नकाशासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, हे तर आपलं संत्रं आहे. एवढ्या जुन्या काळी अरबांनी नेलं ते हेच कशावरून?"

प्रश्न नेमका वर्मावर होता. नागपुरी संत्रे हे मँडरिन गटातले फळ, साल सैल, हाताने सुटून येणारी. इंग्रज ज्याला काटेकोरपणे गोड ऑरेंज म्हणतात, ते आपल्या मोसंबीच्या जातीचे. आणि शब्द ज्याच्या पाठीवर बसून स्पेनला गेला ते फळ या दोन्हींहून वेगळे, कडवट-आंबट नारिंग. सेव्हिल शहराच्या नावाने ते आजही ओळखले जाते आणि त्याचा मुरंबा करतात. काकूंनी हे एका वाक्यात मांडले: खुंट एक, डोळा भलताच भरलेला. नाव एका फळाचे, आणि त्यावर पुढे वेगवेगळी फळे वाढली.

गोड जात युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत रुळली, आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्याची खूण भाषांत उरली आहे. तुर्कीत गोड फळ 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', अरबीत 'बुर्तुकाल', फारसीत 'पोर्तेगाल'. ज्या फारसीने आणि अरबीने 'नारंग' पुढे पाठवला, त्यांनी गोड फळाला पोर्तुगालचे नाव दिले आणि 'नारंज' कडू जातीपुरता ठेवला. डच लोकांनी तर 'चीनचे सफरचंद' असे नाव घेतले. मूळ रान म्हणाल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या सगळ्या लिंबूवर्गीय फळांचे जन्मस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नानच्या टापूत दाखवले आहे.

फोटो बदलला. नारिंगाचे चित्र मुख्य जागी, संत्रे आणि मोसंबी खाली शेजारी शेजारी, साल अर्धी सोललेली.

काय घडले

फलक लागला. सगळ्यांत जास्त गर्दी रंगाच्या चौकटीपाशी झाली, जी आम्ही शेवटच्या क्षणी घातली होती. इंग्रजीत हा रंगाचा शब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसू लागतो, म्हणजे फळ आधी आणि रंग मागून. त्याआधी जुन्या इंग्रजीत 'पिवळा-तांबडा' असा जोडशब्द होता. रॉबिन पक्ष्याची छाती उघड उघड नारिंगी असूनही त्याचे नाव 'तांबड्या छातीचा' असे पडले, ते यामुळेच. मुलांनी लगेच आपले शेंदरी, केशरी, भगवा, नारिंगी असे शब्द मोजायला घेतले आणि कोणता कोणत्या वस्तूवरून आला यावर वाद घातला. यापेक्षा चांगले फळ त्या फलकाला मागता आले नसते.

अडचणीही आल्या. गावातल्या एका शाळेच्या प्रश्नमंजूषेत 'नॉरेंज'ची कथा बरोबर उत्तर म्हणून छापलेली होती. फलक वाचून आलेल्या मुलांनी वेगळे उत्तर लिहिले आणि त्यांचे गुण गेले. एका मुलीचे वडील वाचनालयात विचारायला आले. कार्यवाहांनी त्या शाळेतल्या बाईंना बोलावून १२९० सालची नोंद दाखवली. बाईंनी ऐकून घेतले, पण तोवर निकाल लागला होता.

दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. बऱ्याच लोकांनी तुटक बाण म्हणजे समुद्रमार्ग आणि भरीव बाण म्हणजे खुश्कीचा मार्ग असे वाचले. आमच्यासाठी तो बाण अनिश्चिततेची खूण होता, त्यांच्यासाठी नकाशावरची वाट. सूचीत खुलासा होता, पण अगदी खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. गुरुजींनी आग्रहाने घातलेला 'बहुधा' मात्र सगळ्यांनी वाचला.

वेगळे काय करता आले असते

काकूंना पहिल्याच बैठकीला बोलवायला हवे होते. शब्दाची चौकशी करताना वस्तू कोणती हे आधी ठरवले असते, तर नकाशा दोनदा काढावा लागला नसता. आमची सुरुवात अक्षरांपासून झाली, फळाच्या सालीपासून व्हायला हवी होती.

अनिश्चितता रेघेने दाखवण्याऐवजी शब्दांत लिहायला हवी होती. बाणावरच 'अनुमान' असे छापले असते तर समुद्रमार्गाचा गैरसमज झाला नसता. पुढच्या प्रदर्शनासाठी हा बदल ठरला आहे.

शाळांना मजकूर आठवडाभर आधी पाठवणे सहज शक्य होते. मुलांचे गुण गेले ही बाब मला छोटी वाटत नाही.

फ्रान्समधल्या 'ओरांज' या गावाचा उल्लेखही राहून गेला. तिथल्या राजघराण्यामुळे नेदरलँड्सचा राष्ट्रीय रंग नारिंगी झाला, पण त्या गावाचे नाव 'अराउसिओ' या जुन्या केल्टिक नावावरून आलेले आहे, फळाशी त्याचा जन्माचा संबंध नाही. दोन वेगळी नावे घासून घासून एकसारखी झाली आणि मग रंगाने ती जोडली. डच मुले ज्या फळाला चीनचे सफरचंद म्हणतात, त्याच्या रंगाचा सदरा घालून मैदानात उतरतात ही गोष्ट नकाशावर सुंदर दिसली असती.

आता पुढचा फलक 'संत्रे' या शब्दावर करायचे ठरते आहे. तिथे पहिला वाद तयारच आहे. हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला असे बरेच जण ठामपणे सांगतात. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्तानची फळे सांगताना 'संगतरा' असे नाव दिले आहे. बाबर वारला १५३० साली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ मध्ये. बत्तीस वर्षांच्या आत एक परकी गावाचे नाव किनाऱ्यावरून उत्तरेत जाऊन, तिथे फारसी वळण घेऊन फळाला चिकटले, असे मानावे लागेल. गुरुजी आणि बँकेतले अधिकारी या वेळी एका बाजूला आहेत: सिंत्राची कथा मुख्य मजकुरात नको, 'अनुमान' लिहिलेल्या बाणावर चालेल. काकूंनी त्याआधी एकच गोष्ट मागितली आहे, बाबराने त्या फळाच्या सालीचे वर्णन कसे केले आहे ते शब्दशः काढून आणायचे.